टिटवी आणि स्टेला

आमच्या घरी चारचाकी नाही. दोन शिडाच्या होड्या आहेत. हे ऐकलं की माणूस आधी माझ्याकडे बघतो आणि मग आमच्या वाडीकडे, कारण आमचं गाव नंदाखाल काही समुद्रावर नाही. समुद्र गाठायचा तर अर्नाळ्याला जावं लागतं. आम्ही वाडीवाले लोक. केळी आणि नारळ यांत आमच्या पिढ्या गेल्या. माझे सासरे म्हणायचे, समुद्र कोळ्यांचा, आपल्या वाट्याला त्याचा वारा येतो तेवढा पुरे. आणि त्यांच्याच पोटी फ्रेडरिक जन्मला.

फ्रेडरिक तुस्कानो म्हणजे माझा नवरा. मी ॲनी, आयुष्यभर शाळेत मराठी आणि भूगोल शिकवून आता निवृत्त. घरी आम्ही आमची बोलीच बोलतो, पण ती लिहायला घेतली तर आगाशीच्या पलीकडे कुणाला कळायची नाही, म्हणून शाळेतल्या मराठीत लिहिते आहे. सवयच आहे मला.

फ्रेडरिक वायरमन. तरुणपणी मुंबईच्या एका सेलिंग क्लबात दिव्यांचं काम करायला जायचा. एका रविवारी शर्यत होती, वारा जोरात होता, आणि एका साहेबाचा जोडीदार आलाच नाही. होडी उलटू नये म्हणून दुसऱ्या माणसाचं वजन हवं होतं. साहेबाने शिडीवर चढलेल्या फ्रेडरिकला विचारलं, "पोहता येतं का?" आमच्याकडची पोरं वाडीतल्या बावखलात, म्हणजे तळ्यातच, मोठी होतात. तो हो म्हणाला आणि पक्कड खिशात ठेवून होडीत जाऊन बसला. वजन म्हणून बसला तो बसलाच. पुढे सुकाणू हातात आलं, शर्यती जिंकला, आणि क्लबाने जुन्या होड्या काढून टाकल्या तेव्हा त्यातली एक घेऊन आला. ती टिटवी.

दुसरी, स्टेला, त्याने माझ्यासाठी आणली असं तो म्हणतो. मला पाण्याची भीती वाटते हे त्याला लग्नाआधीपासून माहीत होतं. तरी माझ्यासाठी होडी! बायकोसाठी कोण काय आणील, काही नेम नाही.

दोन्ही फायबरच्या आणि दोन्ही जुन्या. जवळजवळ आमच्या संसाराएवढ्या. आजकाल असल्या होड्या कुणी बनवत नाही, असं तो अभिमानाने सांगतो. मला वाटतं, बनवत नाहीत त्याला काहीतरी कारण असेल.

इतकी वर्षं जेवताना ऐकून ऐकून मला दोघींमधला फरक तोंडपाठ झाला आहे. टिटवी शर्यतीची. अंगाने अरुंद, तळाने सपाट, आणि डोलकाठी अशी उंच की आमच्या छपरीत ती काठी वेगळी काढून ठेवावी लागते. पाण्यात बसत नाही, पाण्यावर बसते. सुकाणूला बोट लावलं की वळते. वारा वाढला की दोघांनी पाय पट्ट्यात अडकवून अख्खं अंग बाहेर लोंबकळत ठेवायचं, नाहीतर उलटलीच. आत डबा ठेवायला जागा नाही. दोन्ही बाजूंना बसायला बाकं आहेत, ती आतून पोकळ, सगळीकडून बंद, आणि त्यांत फोम भरलेला. उलटली तरी बुडू नये म्हणून.

स्टेला फिरायची. रुंद, जड, पुढे एक एवढीशी खोली, तिच्यात दोन माणसं मान वाकवून बसू शकतात. तिथे त्याचा स्टोव्ह, चादर, चहाची भांडी आणि मारियामाउलीची तसबीर. पोटाखाली लोखंडाची जाड फळी. किनाऱ्याला येताना ती वर ओढून घेता येते. लाटेवर टिटवी फटाफट आपटते, स्टेला नुसती मान हलवते. सुकाणू सोडून चहा गाळा, ती काही रागवत नाही. पण वारा समोरून आला की रुसते, आणि वारा पडला की उभीच राहते. मी तिला म्हैस म्हणायची. फ्रेडरिकला आवडायचं नाही, पण शत्रुघ्नला फार आवडायचं.

शत्रुघ्न हा अर्नाळ्याचा कोळी, फ्रेडरिकचा जिवाभावाचा मित्र. त्याची मुलगी संजना माझ्या वर्गात होती, म्हणून तो मला टीचर म्हणतो. वाडीवाल्याला समुद्राचं वेड लागलं याचं आधी त्याला हसू आलं, मग कौतुक वाटलं, आणि मग तो स्वतःच फ्रेडरिकच्या होड्या वाळूवरून ओढायला पुढे येऊ लागला. त्याची स्वतःची मासेमारीची बोट इंजिनाची आहे. पण शिडाची होडी म्हटलं की त्याला वडिलांची सागवानी होडी आठवते, आणि डोळे बारीक करून तो क्षितिजाकडे बघतो.

गेल्या वर्षी मे महिन्यात टिटवी अर्नाळ्यालाच होती. पाऊस यायच्या आत घरी आणायची म्हणून टेम्पो सांगितला होता. त्याच आठवड्यात फ्रेडरिकच्या छातीत कळ आली. मग हॉस्पिटल, मग बायपास. त्या दिवसांबद्दल मी फार लिहिणार नाही. मी घाबरले होते आणि अजून ती भीती पुरती गेलेली नाही, एवढंच लिहिते.

शत्रुघ्न भेटायला आला तेव्हा फ्रेडरिक गुंगीत होता. बिचारा खाटेपाशी उभा राहिला, हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. शेवटी म्हणाला, "टिटवीची फिकीर नको करू. माज्या अंगनात घेतलीय. तिला पानी पाजतोय मी." फ्रेडरिक डोळे मिटूनच हसला. मला वाटलं, काळजी घेतोय असं सांगायची ही त्याची पद्धत असेल.

पावसाळा गेला, फ्रेडरिक हळूहळू चालायला लागला. नाताळात चर्चला पायी गेला. डॉक्टरांनी दोन अटी घातल्या. जड काही उचलायचं नाही आणि पाण्यात एकट्याने जायचं नाही. ते ऐकून तो असा हसला की जणू काही अटच घातली नव्हती. जानेवारीत टिटवी टेम्पोने घरी आली. उतरवताना चार गडी धापा टाकत होते. फ्रेडरिक मात्र खुर्चीत बसून "सांभाळून, सांभाळून" करत होता. एरवी तो स्वतः एक टोक उचलायचा. या खेपेला मी उचलू दिलं नाही.

त्याच सुमारास त्याचा धाकटा भाऊ व्हिव्हियन घर बांधायला निघाला. दोन्ही होड्या ज्या छपरीत उभ्या असायच्या ती व्हिव्हियनच्या वाटणीत. ईस्टरनंतर पाया खणायचा होता. भांडण वगैरे काही नाही, त्याची जागा, त्याने घर बांधावं. पण मग होड्यांचं काय? विहिरीपाशी फार तर एक मावली असती, तीही केळीची एक ओळ काढून. तेव्हा एकच ठेवायची असं ठरलं.

कोणती, यावर आमच्याकडे इतका खल झाला की ज्युलीच्या, आमच्या मुलीच्या, लग्नाच्या वेळीही झाला नव्हता. माझं मत सरळ होतं. या वयात चहा पिता येईल अशी होडी ठेवावी. फ्रेडरिकचा जीव टिटवीत. पण तोही म्हणाला, मनाने निवडायला नको, पाण्यावर बघू. शर्यतीत बसायची ताकद अंगात उरली असेल तर टिटवी. नसेल तर नाही.

इथे खरी गोम होती. परीक्षा होडीची नव्हती, त्याची स्वतःची होती. मला ते दिसत होतं आणि मी गप्प बसले, कारण त्या माणसाला नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती.

राखेच्या बुधवाराआधीचा, म्हणजे ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ लागायच्या आधीचा, रविवार. चर्चमध्ये मिस्सा झाला, जेवणं झाली, आणि दुपारी खारे वारे सुटल्यावर अर्नाळ्याच्या वाळूवरून दोन्ही होड्या निघाल्या. किल्ल्याच्या बेटाजवळ एक मासेमारीची बोट नांगरलेली होती, तिला वळसा घालून परत यायचं. टिटवीत फ्रेडरिक सुकाणूवर आणि लोंबकळायला रीमा. ही रीमा तुळिंजला राहते, एका शाळेत खेळ शिकवते, सेलिंग शिकली आहे आणि जुनी होडी शोधत फ्रेडरिकपर्यंत पोहोचली होती. जी होडी निघेल ती तिला द्यायची असं बोलणं झालं होतं. स्टेलात शत्रुघ्न आणि संजना. शत्रुघ्न स्टेलाच्या सुकाणूला त्या दिवशी पहिल्यांदा हात लावत होता.

म्हैस जिंकली.

थोडक्यात नाही, चांगली पुढे. टिटवी जणू चिखलातून चालली होती. रीमा बाहेर लोंबकळून लोंबकळून दमली, फ्रेडरिक शीड आवळत होता, सोडत होता, पुन्हा आवळत होता. होडी वळायला वेळ घेत होती. शत्रुघ्नने किनारा गाठल्यावर हात वर करून आरोळी ठोकली, आणि मग मागे वळून फ्रेडरिकचा चेहरा बघितला आणि हात खाली घेतला.

फ्रेडरिक वाळूवर उतरला. घाम पुसला. रीमाला म्हणाला, "टिटवी तुझी. मी शब्द दिला. तिला तरुण हात पाहिजेत." मग माझ्याकडे येऊन हळू आवाजात म्हणाला, "स्टेलालाही गिऱ्हाईक बघू. केळीची ओळ कशाला काढायची?"

दोन्ही! इतकी वर्षं मी त्या होड्यांच्या नावाने बोटं मोडली होती. रविवार गेले, शीड धुऊन धुऊन माझे हात गेले, पाहुणे आले की हा माणूस पाण्यात. आता दोन्ही जाणार म्हटल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं. टेम्पोत मी खिडकीकडे तोंड करून बसले.

पुढचे काही दिवस तो अगदी शहाण्यासारखा वागला. गोळ्या वेळेवर घेतल्या. टीव्हीसमोर बसला. वाऱ्याची दिशा कुठली हे एकदाही सांगितलं नाही. मला असला फ्रेडरिक नको होता. पथ्याचं जेवण जेवावं तसा तो दिवस ढकलत होता.

रीमा होडी न्यायला येणार त्याच्या आदल्या दिवशी सकाळी तो छपरीत गेला. टिटवीच्या बाकाच्या बाजूला, अगदी खाली, एक पितळी खुंटी होती, शिडाची दोरी अडकवायची. ती तेवढी आठवण म्हणून ठेवून घेऊ का, असं त्याने रीमाला फोनवर विचारलं होतं. मी पलीकडे केळींना पाणी सोडत होते. विहिरीचा पंप चालू, पाटातून पाणी वाहतंय. त्याने स्क्रू फिरवलेला मला ऐकू आला. मग काहीच ऐकू येईना.

"ॲनी, पाणी बंद कर," तो म्हणाला.

मी पंप बंद केला. तरी पाटात पाणी वाढतच होतं. बघते तर स्क्रूच्या भोकातून पिवळट पाण्याची धार लागलेली, छपरीतून उतारावरून सरळ माझ्या पाटात. फ्रेडरिकने दुसरा स्क्रू काढला. दुसरी धार. मग त्याने धारेखाली बोट धरलं आणि जिभेला लावलं.

"खारं आहे," तो म्हणाला.

त्याला जे कळायचं ते कळलं असेल, पण मला एकच गोष्ट कळली. केळीच्या मुळाशी खारं पाणी! मी फावडं घेऊन धावले आणि चिखल ओढून पाट बुजवायला लागले. तोंडाने काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पाट बुजवून वर बघते तर हा माणूस होडीला टेकून जमिनीवर बसलेला आणि खांदे हलताहेत. मी फावडं तिथेच टाकलं. जवळ गेले तर तो हसत होता, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मी नव्हतो गं," तो म्हणाला. "ॲनी, मी नव्हतो."

मग उलगडत गेलं. शत्रुघ्नने टिटवीला खरोखरच पाणी पाजलं होतं. लाकडाची होडी कोरडी पडली की फळ्या आकसतात आणि फटी पडतात, म्हणून जुनी कोळी माणसं तिला पाण्याने भरून ठेवत. तेही खाऱ्या, कारण गोड्या पाण्याने लाकूड कुजतं. शत्रुघ्न वडिलांच्या होडीचं करायचा तेच त्याने टिटवीचं केलं. अख्खा पावसाळा. पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून वरून ताडपत्री, आणि आत समुद्राच्या पाण्याच्या बादल्या. आधीचं ओतून टाकायचं, पुन्हा नवीन भरायचं. फायबरला तहान लागत नाही. पण बाकांच्या जुन्या सांध्यांतून ते पाणी आत झिरपलं आणि फोमने पिऊन घेतलं. त्या रविवारी फ्रेडरिक आणि रीमा दोघंच नव्हते टिटवीत. आणखी एखाददुसरं माणूस पोटात घेऊन ती धावत होती. त्याने तिला एकदा हाताने उचलून बघितलं असतं तर त्याला तिथेच कळलं असतं. पण उचलायची बंदी होती.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणणारी माणसं मी पुष्कळ बघितली. हा उलटा. अंगण खरोखर वाकडं होतं आणि हा आपल्या पायांना दोष देत बसला होता.

आनंद ओसरल्यावर मला राग आला. मला तो लवकर येतो. "थांब, मी शत्रुघ्नभाऊंना फोन करते," मी म्हणाले. "एवढं वर्षानुवर्षं बघतात, होडी फायबरची आहे हे दिसत नाही त्यांना? तू अंथरुणाला खिळायचा बाकी राहिला होतास!"

"फोन ठेव," फ्रेडरिक म्हणाला.

"का?"

"मी जगतो की नाही हे कुणाला ठाऊक नव्हतं तेव्हा तो बादल्या वाहत होता. मी परत येणार असं धरून चालला होता तो. त्याला हे कधी कळता कामा नये. तुझ्या तोंडून तर नाहीच."

मी फोन ठेवला. माझ्या तोंडाबद्दल तो बोलला ते मी सोडून दिलं, त्या दिवसापुरतं.

मला वाटलं, आता टिटवी राहील. पण शब्द तो शब्द. "रीमाला दिली ती दिली," तो म्हणाला. "फक्त अशी आजारी नाही द्यायची." त्याने रीमाला फोन करून मुदत मागून घेतली. मग बाकं वरून कापली आणि ओला फोम खरवडून काढला. त्यासाठी माझं उलथनं गेलं, नंतर डाव गेला. फोमऐवजी आत भरायला त्याला रिकाम्या, झाकणं घट्ट लावलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या हव्या होत्या. उपवासकाळात बाटल्या कुठल्या मिळायला! पण ईस्टर झाला, लग्नं सुरू झाली, आणि प्रत्येक मांडवातून लोक आम्हाला कोल्ड्रिंकच्या बाटल्यांची पोती आणून देऊ लागले. नंदाखालची अर्धी लग्नं टिटवीच्या पोटात आहेत. वरून त्याने फायबरचा नवा थर दिला, घासला, रंगवला. व्हिव्हियन पाया खणायचा थांबला होता, एका शब्दाने बोलला नाही.

होडी तयार झाल्यावर फ्रेडरिक म्हणाला, "पुन्हा एकदा लावून बघू. रीमा टिटवीत, मी स्टेलात." मग माझ्याकडे बघत राहिला.

"माझ्याकडे काय बघतोस?"

"एकट्याने जायला डॉक्टरांनी मना केलंय," तो म्हणाला. "वजन पाहिजे."

मेमधल्या त्या दुपारी मी लाइफ जॅकेट घालून, हातात रोजरीची माळ घेऊन म्हशीच्या पोटात बसले. घाबरले नाही असं म्हटलं तर पाप लागेल. पहिल्या लाटेला मी इतक्या जोरात ओरडले की किनाऱ्यावर मासळी सुकवणाऱ्या बायका उठून बघायला लागल्या. पण बेटाच्या जवळ पोहोचेपर्यंत माझी एक माळ पूर्ण झाली होती आणि स्टेला नुसती मान हलवत होती. फ्रेडरिकने सुकाणू गुडघ्यात धरलं आणि थर्मासमधला चहा मला ओतून दिला. मी प्यायले.

टिटवी? ती आमच्या शेजारून गेली तेवढीच दिसली. रीमा आणि तिचा जोडीदार विकी दोघंही बाहेर लोंबकळलेले, होडी पाण्याला जेमतेम टेकत होती. आम्ही वळसा घालायला पोहोचलो तेव्हा ते परतीच्या अर्ध्या वाटेवर होते. आणि माझा नवरा सुकाणूवर बसून टाळ्या वाजवत होता. "बघ, बघ कशी चाललीय!" हरून इतका खूश झालेला माणूस मी दुसरा बघितला नाही. ती जितकी पुढे जात होती तितका तो तरुण होत होता.

किनाऱ्यावर शत्रुघ्न गुडघाभर पाण्यात उभा होता. त्याने स्टेलाचं नाक धरून आम्हाला वाळूवर घेतलं. त्याची छाती अशी फुगली होती की जणू तोच शर्यत जिंकला.

"बगितलं ना टीचर?" तो मला म्हणाला. "पावसाभर पानी पाजलं तिला मी. सुकी ठेवली असती तर फुटली असती. त्या पान्यानं धावली आज ती."

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. फ्रेडरिक माझ्याकडे बघत होता. मी ते उत्तर गिळलं. आयुष्यात फार कमी वेळा मी असं काही गिळलं आहे.

"होय, शत्रुघ्नभाऊ," मी म्हणाले. "तुमच्यामुळेच."

तो लहान मुलासारखा हसला. मग स्टेलाच्या कडेवर हात ठेवून म्हणाला, "हिला कुठं ठेवनार रे आता? तुजी छपरी तर चालली. माज्या अंगनात ठेव पावसाळ्यात. हिलाबी पाजीन."

विहिरीपाशी जागा होती, केळीची एक ओळ काढायला मी मनातल्या मनात तयारही झाले होते.

"तुझ्याशिवाय आणखी कुणाकडे ठेवणार?" फ्रेडरिक म्हणाला.

नंतरचा सगळा आठवडा तो अर्नाळ्याला जात होता. शत्रुघ्न समुद्रावर असायचा तेव्हा हा त्याच्या अंगणात स्टेलाच्या पोटात शिरायचा आणि प्रत्येक सांधा, प्रत्येक स्क्रू, प्रत्येक फट फायबरने आणि रबराने बंद करायचा. मी टॉर्च धरून बसायचे, कारण वाकायलाही माझी त्याला मनाई होती आणि तो ऐकत नव्हता. शेवटची फट बुजवून तो बाहेर आला, हात पुसले आणि होडीवर थाप मारली.

"आता पाजू दे त्याला हवं तेवढं," तो म्हणाला.